नव्या माडांचा पहिला घड

हळदीच्या पिवळ्या भाताचा शंकू नीट उभा राहिला, तशी मुर्नीने हात धुतले आणि मागच्या दारातून शेळ्यांच्या गोठ्याकडे पाहिलं. खोकी तिथेच होती. चाऱ्याच्या पोत्याखाली, निळ्या अक्षरांची दोन खोकी. काल दुपारी तिच्या नवऱ्याने, पार्जोने, ती मोटरसायकलवरून उतरवली होती आणि एवढंच म्हणाला होता, "उद्या जेवणं उरकली की प्लॉटमध्ये टाकून येऊ. कुणाजवळ बोलू नकोस."

चोवीस वर्षांच्या संसारात मुर्नीने न बोलण्यासारखं बरंच काही पोटात ठेवलं होतं. पण ही खोकी काही पोटात राहीनात.

एक तर आज स्लामेतान होतं, दुआ आणि गावजेवण. सासऱ्यांनी लावलेले जुने तेलमाड, म्हणजे पामतेलाची झाडं, पाडून नवे लावले त्याला चार वर्षं झाली होती, आणि त्या नव्या माडांचा पहिला घड आज उतरायचा होता. आधी घरच्यांनी घड काढायचा, मग शेजारीपाजारी येऊन दुआ करायची आणि जेवायचं, असं ठरलं होतं. आणि उद्या तपासणीवाले येणार होते. गावातल्या शहाऐंशी कुटुंबांचा गट होता. नदीकाठ न तोडता, आग न लावता, जमीन न नासवता काढलेलं तेल म्हणून आपल्या मालावर शिक्का मिळावा, यासाठी गट चार वर्षं धडपडत होता. उंदरांना विष घालायचं नाही, त्यांच्यासाठी घुबडं पाळायची, असा गटाचा ठराव होता. त्यावर सगळ्यांनी सह्या केल्या होत्या. पार्जोनेही केली होती. एकाच्या प्लॉटमध्ये विष सापडलं तरी शहाऐंशी जणांचा शिक्का गेला.

"यू मुर्नी, केळीची पानं पुसली का?" लास्मी आत आली. ही पार्जोची पाठची बहीण, मोठ्या वहिनीला 'यू' म्हणायची. गावच्या शाळेत मास्तरीण, वर गटाची सचिव. तिने भाताचा शंकू पाहिला आणि कौतुकाने मान हलवली. "वा! मी केला असता तर आत्तापर्यंत आडवा झाला असता. तुझा चेहरा असा का?"

"धुराने."

"गॅसवर कसला धूर गं?"

मुर्नी पानं पुसत राहिली.

बाहेर ओसरीवर पार्जोचा, म्हणजे धाकट्या भावंडांच्या आणि मुर्नीच्याही 'कांग'चा, आवाज चढला होता. सासूबाई, म्हणजे सगळ्यांच्या एमाक, वेताच्या खुर्चीत बसल्या होत्या. गळ्याभोवती मफलर होता. पंधरा दिवस खोकला हटत नव्हता. धाकटा दीर विजी पायरीवर बसून कॉफी पीत होता. तो घडांचा ट्रक चालवायचा, आणि त्याचा ट्रक फाटकाबाहेर उभा होता.

"काल पुन्हा ओरडलं," पार्जो म्हणत होता. "बरोब्बर छपरावर. आपले बापाक गेले त्या आठवड्यात असंच ओरडलं होतं. आठवतंय ना विजी?"

"कांग, त्या आठवड्यात बापाकना तिसरा झटका आला होता," विजी म्हणाला. "घुबडाने काय केलं त्याला?"

"तू गप्प बस. तुझं लक्ष असतं कधी घरात? एमाक, तुम्ही खोकताय आणि ते भूत-पाखरू रोज डोक्यावर येऊन बसतंय. आपल्याच प्लॉटच्या कडेला त्याला घर बांधून दिलंय! कुणी? माझ्याच पोरीने!"

त्याची पोरगी, तिचं नाव रात्री, नुकतीच आली होती आणि शिडी भिंतीला टेकवत होती. पेकानबारूच्या शेतकी कॉलेजातून शिकून ती गटाच्या रोपवाटिकेत लागली होती. घुबडांच्या पेट्या खांबांवर बसवायचं काम तिनेच केलं होतं.

"बापाक, ते गव्हाणी घुबड आहे, भूत नाही. घरात पिल्लं असली की ओरडणारच. तुम्ही नाही ओरडत?"

विजी हसला. पार्जो हसला नाही. "ऐकलंत एमाक? बापाला ही उत्तरं! मी सांगतो, उद्याच्या आधी ती पेटी उतरवायची. आणि ऐकायचं नसेल, तर माझ्या वाट्याचा प्लॉट मी गटातून काढून घेतो. मग बसा शिक्के मारत."

लास्मी ओला हात घेऊनच बाहेर धावली. "काढून घेतो म्हणजे? तुझा प्लॉट मधोमध आहे, कांग. दोन्ही बाजूंना आमचे. तो गेला तर सगळा तुकडा फुटला! उद्या तपासणी आहे, आज सांगतोस?"

"आईपेक्षा तपासणी मोठी?"

मुर्नी दाराआड उभी होती. तिला नवऱ्याचा राग आला, आणि त्याच क्षणी त्याची दयाही आली. बापाक गेले तेव्हा पार्जो सहा महिने नीट जेवला नव्हता. हा माणूस खोटं बोलत नव्हता. तो मनापासून घाबरला होता.

एमाक इतका वेळ ऐकत होत्या. तिन्ही मुलांच्या वाट्याचे प्लॉट अजून त्यांच्याच नावावर होते, त्यामुळे शेवटी सगळ्यांच्या नजरा त्यांच्याकडेच वळल्या.

"मला पण ते पाखरू आवडत नाही," एमाक म्हणाल्या. लास्मीचा चेहरा पडला. "लहानपणी जावा बेटावर आम्ही ते ओरडलं की मीठ फेकायचो. पण पार्जो, पेटी काढली तर उंदरांचं काय? पहिल्या वर्षी निम्मी रोपं कुरतडली होती."

"त्याची सोय केलीय मी."

"कसली सोय?"

पार्जोने घसा खाकरला. "पूर्वी जी करत होतो ती."

आणि मुर्नीच्या तोंडून शब्द निघाले. आपण बोलतोय हे तिला स्वतःलाच उशिरा कळलं.

"दोन खोकी आहेत. शेळ्यांच्या गोठ्यात, चाऱ्याच्या पोत्याखाली."

विजीने कप खाली ठेवला. पार्जोने वळून तिच्याकडे असं पाहिलं, जणू बाजारात कुणी परक्याने त्याला थोबाडीत मारली होती.

"मुर्नी!"

"कांग, मी सांगणार नव्हते. पण मी पुन्हा ते कालवणार नाही."

"तुला कोण कालव म्हणतंय? आता तयार वड्या मिळतात!"

"ठेवायला कोण जाणार? बुंध्याबुंध्याशी वाकून? तुम्ही घड उतरवणार, तुमची कंबर धरते, म्हणजे मीच जाणार. अकरा वर्षं मीच गेले." ती दाराआडून पुढे आली. "भातात आणि सुक्या मासळीत कालवायचे मी ते विष. हातमोजा एकच होता, तो पण फाटका. तुम्हाला आठवतं, आपली मांजरी ओसरीत येऊन मेली? त्याच आठवड्यात चार कोंबड्या गेल्या? तेव्हा रोज सकाळी दात घासताना माझं तोंड रक्ताने भरायचं. मी चूळ भरून टाकायचे आणि चहा करायला लागायचे."

"मला कधी बोलली नाहीस."

"तुम्ही कधी विचारलं नाहीत."

रात्री आईजवळ येऊन उभी राहिली. लास्मीने डोळ्याला पदर लावल्यासारखं डोक्यावरच्या रुमालाचं टोक लावलं. पण एमाकनी कुणाचंच सांत्वन केलं नाही. खुर्चीचे हात धरून त्या उठल्या.

"चला प्लॉटवर. मला ते पाखरू बघायचंय."

"एमाक, तुमचा खोकला..."

"खोकला बरोबर घेऊन येते."

*

विजीने एमाकना ट्रकमध्ये आपल्या शेजारी बसवलं. बाकीचे मागे उभे राहिले. ट्रक लाल मातीच्या रस्त्याने निघाला. एमाक खिडकीतून बोलत होत्या आणि मागे उभ्या असलेल्या मुर्नीला ते तुटक तुटक ऐकू येत होतं. सत्याऐंशी साली त्या जावाहून इथे आल्या, तेव्हा हा रस्ता नव्हता. सरकारने दिलेला तांदूळ डोक्यावरून आणावा लागे, आणि दहा वर्षांचा पार्जो बरोबर असे. मग माड लावले. फळ धरलं तसा ट्रक आला, ट्रकसाठी रस्ता आला, रस्त्याने शाळा आणि दवाखाना आला. "तुझी बहीण मास्तरीण कशावर झाली? तुझा हा ट्रक कशावर आला? ह्या झाडाला कुणी नावं ठेवली तर मला सहन होत नाही, विजी. दोन हेक्टरांत तीन पोरांना त्याने जगवलं. दुसरं कुठलं झाड एवढ्याशा जागेत एवढं तेल देतं?"

"मग एमाक, आता झाडाला जपायला नको?"

"तेच तर बघायला निघालेय ना!"

नदीकाठी ट्रक थांबला. पूर्वी माड थेट पाण्यापर्यंत लावलेले असत. दोन हजार तीनच्या पुरात काठ ढासळला, सतरा माड वाहून गेले आणि विहिरीला वर्षभर गढूळ पाणी आलं. म्हणून या वेळी लागवड करताना लास्मीने भांडून पन्नास पावलांची पट्टी मोकळी सोडायला लावली होती. पार्जो तेव्हा महिनाभर तिच्याशी बोलला नव्हता. आता तिथे बांबू आणि रानझाडं माजली होती. विजी त्याच पट्टीत बसून गळ टाकायचा आणि मासे आणायचा. ते मासे पार्जोही खायचा, फक्त कुठून आले हे विचारायचा नाही.

पट्टीच्या कडेला खांबावर लाकडी पेटी होती. खांबाच्या बुडाशी काळ्या, केसाळ गोळ्यांचा ढीग पडला होता. रात्रीने एक गोळी उचलून फोडली. आत पांढरी बारीक हाडं आणि उंदराची कवटी निघाली.

"हे घुबड ओकतं, म्बाह," ती घाईघाईने आजीला म्हणाली. "एकेका गोळीत एक-दोन उंदीर. मोजा हव्या तर."

"ह्या पोरी काहीही दाखवतील," पार्जो पुटपुटला. "आत काय आहे ते कुणी बघितलंय?"

"मी चढते, बघते आणि सांगते," रात्री म्हणाली.

"तू नको." एमाकनी हात वर केला. "तू तुझ्या बाजूने सांगशील. लास्मी तिच्या. पार्जो त्याच्या. मुर्नी चढेल."

"मी?" मुर्नी दचकली.

"तू चोवीस वर्षं माझ्या घरात आहेस. कमी बोललीस, पण एकदाही खोटं बोलली नाहीस. तू जे सांगशील ते मी खरं धरेन."

मुर्नीला घुबडाची भीती वाटत होती. ही गोष्ट तिने मुलीपासूनही लपवून ठेवली होती. तिने कमरेचा सारोंग खोचला, पोरीचे जाड हातमोजे घातले आणि शिडीवर पाय ठेवला. शिडी हलली. खाली कुणीतरी ती घट्ट धरली. तिने पाहिलं तर तो पार्जो होता. तो वर बघत नव्हता, पण त्याने दोन्ही हातांनी शिडी पकडली होती.

वर पोचल्यावर तिने पेटीचं झाकण दोन बोटं उचललं. आतून फूत्कार आला, सापासारखा. तिने डोळे मिटले, बिस्मिल्लाह म्हटलं आणि डोळे उघडले.

चार पिल्लं होती. चारही वेगवेगळ्या मापांची, एकाच आईची पण एकाच दिवसाची नाहीत. चेहरे पांढरे, बदामाच्या आकाराचे. सगळ्यात मोठं पिल्लू डावी-उजवीकडे झुलत तिच्यावर फिस्कारत होतं आणि सगळ्यात धाकटं त्याच्यामागे दडत होतं. कोपऱ्यात उंदीर रचून ठेवले होते, लाकडं रचावीत तसे. तिने मोजले.

"बोल मुर्नी," खालून एमाक म्हणाल्या.

"चार पिल्लं आहेत, एमाक. तोंडं भीतीदायक आहेत, खोटं कशाला सांगू? पण मोठं आहे ते धाकट्याला पाठीशी घालतंय." तिचा श्वास आता सावकाश चालू होता. "आणि नऊ उंदीर. एका रात्रीत खाऊन उरलेले."

"नऊ?"

"नऊ. मी दोनदा मोजले."

एमाकनी हिशेब करावा तशी मान हलवली. मग त्या खोकल्या, खूप वेळ खोकल्या, आणि शेवटी त्या हसताहेत हे सगळ्यांच्या लक्षात आलं. "पार्जो, अरे ते पाखरू आपल्या छपरावर माझा जीव न्यायला येत नव्हतं. आपल्या कोठारात उंदीर आहेत! मी तुला कधीपासून सांगतेय कोठार साफ कर म्हणून!"

विजी पोट धरून खाली बसला. लास्मीने तोंड फिरवलं, पण तिचे खांदे हलत होते. पार्जो शिडी धरून उभा होता, कानापर्यंत लाल. मुर्नी उतरली तशी तिचा पाय शेवटच्या पायरीवरून घसरला आणि त्याने तिला कोपराला धरून सावरलं. लगेच त्याने हात सोडला नाही.

"रक्त," तो हळू आवाजात म्हणाला. "अकरा वर्षं?"

"बंद झालं ते. विष बंद झालं तसं."

तो ट्रकच्या मागे गेला आणि बराच वेळ दोर सोडायचं काम करत राहिला. दोर मुळात बांधलेलाच नव्हता.

*

पहिला घड कोण काढणार यावर विजी आणि पार्जोमध्ये पैज लागायची होती. पण एमाकनी छिनीसारखं पातं असलेला दांडा स्वतःच हातात घेतला.

जुन्या माडांच्या काळात हे शक्यच नव्हतं. ते माड दुमजली घराहून उंच झाले होते. बापाक लांबलचक बांबूला कोयता बांधून, मान मोडेपर्यंत वर बघत घड कापायचे. घड पडला की जमीन हादरायची. शेवटच्या वर्षांत त्यांची मान सरळच होत नव्हती. नव्या माडांचे घड एमाकच्या गुडघ्याशी होते. चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईला वाकावंसुद्धा लागलं नाही.

मुर्नीने घड निरखला. बुडाशी पाच-सहा शेंदरी फळं आपोआप गळून पडली होती, म्हणजे पिकलेला होता. "हा काढा, एमाक."

एमाकनी पातं देठाला लावलं आणि दोन्ही हातांनी ढकललं. पहिल्यांदा ते घसरलं. दुसऱ्यांदा अर्धं शिरलं. पार्जो मदतीला पुढे झाला तर त्या गुरकावल्या, "हात लावू नकोस!" तिसऱ्यांदा देठ तुटलं आणि घड धप्पकन गवतात पडला, नारिंगी, काळा, तुळतुळीत. मुर्नीने तो उचलून उलटा केला, मग शेजारच्या माडाचे घड पाहिले, मग त्याच्या शेजारच्या. एकाही फळावर दाताची खूण नव्हती.

"एकही नाही," ती म्हणाली. आणि मग, कधी नव्हे ते, ओरडून, "एकही कुरतडलेलं नाही, लास्मी! सगळा प्लॉट बघ!"

लास्मी रांगेतून धावत सुटली. मागोमाग रात्री. "इकडे पण नाही!" "इकडे पण!" असे आवाज माडांच्या मधून येत राहिले. विजीने ट्रकचा हॉर्न असा दाबून धरला, की गावातले शेजारी दुआची वेळ झाली समजून टोप्या घालून निघाले.

दुपारी सगळे पिवळ्या भाताभोवती बसले. दुआ झाली. एमाकनी शंकूचं टोक कापलं. हे टोक रिवाजाप्रमाणे घरातल्या मोठ्या माणसाला द्यायचं असतं. त्यांनी ते मुर्नीच्या पानात वाढलं.

"ऐका," एमाक म्हणाल्या. "मी आहे तोवर वाटण्या करते, नाहीतर तुम्ही माझ्या मागे भांडाल. नदीकडचा प्लॉट लास्मीचा. रस्त्याकडचा विजीचा. मधला मुर्नीचा. गटाच्या यादीत आजच नावं घालायची."

"मुर्नीचा?" पार्जो म्हणाला. "एमाक, मी तुमचा मोठा मुलगा आहे."

"म्हणूनच तुझ्या घरात देतेय. तू मघाशी तो प्लॉट गटातून काढून घेणार होतास. तिने तो वाचवला. तुला हरकत असेल तर आत्ता बोल. सगळे शेजारी ऐकताहेत."

मुर्नीला वाटलं, आपण ताटावरून उठून स्वयंपाकघरात जावं. नवऱ्याची चार लोकांत शोभा झाली होती आणि त्याला ती कारण होती. पार्जोने आपल्या पानातला कोंबडीचा मोठा तुकडा उचलून तिच्या पानात ठेवला.

"ती दोन खोकी दुकानदाराला परत देऊन येतो," तो म्हणाला. "जेवण झालं की."

"आत्ताच का नाही?" लास्मी म्हणाली.

"जेवू तर दे गं मास्तरीणबाई!"

*

तपासणीवाले दुसऱ्या दिवशी सकाळी आले आणि दोन दिवस राहिले. मेदानहून आलेल्या बू लुबिस नावाच्या बाई होत्या, पायात गमबूट, बोलणं मोजकं. त्यांनी नदीकाठची पट्टी पावलांनी मोजली, विहिरीचं पाणी बाटलीत भरलं, गोठे उघडून पाहिले. मुर्नीच्या गोठ्यातलं चाऱ्याचं पोतंसुद्धा हलवून पाहिलं. खाली फक्त मातीवर दोन चौकोनी ठसे होते. बाईंनी मधल्या प्लॉटवर थांबून विचारलं, "हा कुणाचा?" पार्जोने तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं.

"माझा," मुर्नी म्हणाली. मग उंदरांचं काय करता, खत कधी घालता, कापलेल्या झावळ्या कुठे रचता, या सगळ्या प्रश्नांची उत्तरं तिने उभ्या उभ्या दिली. एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

निकाल एकोणिसाव्या दिवशी आला. गटाच्या कचेरीसमोर अख्खं गाव जमलं. एमाकना विजीने खुर्चीसकट उचलून आणलं होतं. खोकला गेला होता, त्यामुळे त्या सगळ्यांवर मोठ्याने हुकूम सोडत होत्या. लास्मीने पाकीट फोडलं, पहिली ओळ वाचली आणि तिला पुढे वाचताच येईना. तिने कागद पार्जोच्या हातात दिला, कारण गावात त्याच्याएवढा दणदणीत आवाज कुणाचा नव्हता.

"गट पास," पार्जोने वाचलं. पुढचा गोंधळ शांत व्हायला बराच वेळ लागला. माणसं एकमेकांच्या गळ्यात पडत होती. कुणीतरी मशिदीचा मोठा ढोल बडवायला पळालं.

मग त्याने यादी वाचायला घेतली. एकेक नाव, एकेक प्लॉट. ज्याचं नाव येई त्याच्या घरचे टाळ्या पिटत. मुर्नी बायकांच्या घोळक्यात मागे उभी होती, रात्रीचा हात धरून. पार्जो बासष्टव्या नावापर्यंत आला, थांबला, कागद डोळ्यांपासून थोडा लांब धरला.

"त्रेसष्ट," तो म्हणाला. "मुर्नी."

मागून कुणीतरी ओरडलं, "ढोलाच्या आवाजात ऐकू नाही आलं!"

पार्जोने छाती भरून श्वास घेतला आणि ते नाव पुन्हा वाचलं, अख्ख्या गावाला ऐकू जाईल असं.